पॅरिशमध्ये कोंडवाडा कुठंय?

मंडळी, आजचा विषय कॅनडातल्या खेड्यांचा कारभार. पॅरिश म्हटलं की आपल्या वसईकरांना धर्मग्राम आठवतो, फादर आठवतात, मलाही आधी तेच वाटलेलं. पण कॅनडात न्यू ब्रन्सविकला पॅरिश म्हणजे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोटातला सरकारी तुकडा, चर्चशी संबंध नावापुरता. १७८४ला हा प्रांत नोव्हा स्कोशियातून फुटला आणि १७८६ला कायदा करून पॅरिश आखले. आमची लेक राहते तो किंग्स्टन त्यातलाच, अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूने राहिलेले लॉयलिस्ट येऊन वसले तिथला. जायला केबलवरची सरकारी फेरी आहे, गाडीसकट फुकट. वसई-भाईंदर रोरोचं तिकीट काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तर २०१९चा उन्हाळा. मी हौसेने मेथी लावली, चार बोटं वर आली आणि शेजारच्या बकऱ्यांनी एका सकाळीत साफ केली. मी म्हटलं, कोंडवाडा कुठंय? लेक म्हणते, पप्पा, इथे कोंडवाडा नाही. मग ग्रामपंचायत? तीही नाही. मग तक्रार कुणाकडे करायची? तिने दोन फोन केले, दोन्हीकडून तिसरा नंबर मिळाला, आणि तिसरा उचललाच नाही. बायको म्हणाली, चार काड्या मेथीसाठी कॅनडा हलवताय का! पण मला किडाच चावला ना, मी जुनं वाचायला बसलो.

आणि काय सापडावं? २३० वर्षांपूर्वी सगळं होतं! काउंटीचे मॅजिस्ट्रेट दरवर्षी पॅरिशसाठी माणसं नेमायचे: कुंपणं तपासणारा वेगळा, मोकाट डुकरांच्या मागे फिरणारा हॉग रीव्ह वेगळा, आणि पाउंड कीपर, म्हणजे आपला कोंडवाडेवालाच की. हसताय, पण माझी मेथी त्या काळात वाचली असती. अर्थात गरिबांची जबाबदारीही पॅरिशवरच, आणि १९व्या शतकात आमच्याच किंग्ज काउंटीत निराधारांचा उलटा लिलाव व्हायचा, सांभाळायला जो सगळ्यात कमी पैसे मागेल त्याच्या घरी म्हातारा जायचा. आता कुणी हसत नाहीये.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. म्हणजे जाहिरातीत जो विषय छापला होता तो आता सुरू होतोय, माफ करा, पळत सांगतो. १८७७पासून सगळ्या काउंट्यांना निवडून आलेलं कौन्सिल मिळालं, पॅरिशचे मेंबर तिथे बसायचे. पण शाळा, दवाखाने, गरीबखातं सगळं स्थानिक करावर, त्यामुळे गरीब काउंटीची शाळाही गरीब, आणि यात अकेडियन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच भाषिकांचा भाग जास्त भरडला गेला. १९६०ला लुई रोबिशो प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री झाले, निवडून आलेले पहिले अकेडियन. त्यांनी स्थानिक कर तपासायला बर्न कमिशन नेमलं आणि १९६७ला काउंटी कौन्सिलंच बरखास्त केली, शाळा-दवाखाने-कोर्टं प्रांताने घेतली. न्याय झाला, मी मानतो. पण खेड्यात मागे काय उरलं? लोकल सर्व्हिस डिस्ट्रिक्ट. टॅक्स ठरवणार प्रांत, गावाची फक्त सल्लागार कमिटी, तीही असली तर. प्रांतातली तीसेक टक्के माणसं अशी सरपंचाविना होती! माझं म्हणणं एवढंच, गरिबी प्रांताने घेतली ते बरोबर, पण कोंडवाडा कशाला नेला?

१ जानेवारी २०२३ला ते डिस्ट्रिक्टही गेले, ३४० संस्थांच्या जागी ७७ स्थानिक सरकारं आणि १२ रूरल डिस्ट्रिक्ट आले. त्यावर बोलायचं होतं पण घंटा झाली.

बकऱ्यांचं काय झालं? शेजारीण जॅमची बाटली घेऊन आली, सॉरी म्हणाली, लेकीने चहा केला, आणि त्या दोघी बोलत असताना बकऱ्या मागच्या बाजूने कोथिंबिरीत शिरल्या.