महादजींच्या चाकरीतून घेतलेला शातो

नमस्कार मंडळी.

फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी शांबेरी नावाचं गाव आहे. तिथल्या चौकात चार हत्ती उभे आहेत. ओतीव लोखंडाचे, मधल्या खांबाला टेकलेले, चार दिशांना तोंडं आणि सोंडेतून पाण्याची धार. शिल्पकाराने ते पुढून अर्धेच घडवले, म्हणून गावकरी त्यांना ‘मागचा भाग नसलेले चौघे’ म्हणतात. खांबावर एक सेनापती उभा आहे. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्याचं नाव वाचून मी जागीच थबकले. जनरल द ब्वान्य! म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतला डी बॉईन, महादजी शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीच्या पलटणी, उभे करणारा.

हे कारंजं 1838 चं. मला आज सांगायचंय ते मात्र त्याच्या घराबद्दल. गावाला लागूनच ब्विसाँ-राँ नावाचा त्याचा शातो आहे. किल्ला म्हटलं की आपल्याला तटबंदी आणि बुरूज आठवतात. पण फ्रान्समधला शातो बरेचदा सरदाराचा वाडा असतो. भोवती जमीन, झाडी, बाग आणि मधोमध घर. ब्विसाँ-राँची बाग आता सार्वजनिक उद्यान आहे. तिथे गुलाब फुलतात, मुलं सायकली फिरवतात.

या वाड्याचा धनी जन्माने सरदार नव्हता. 1751 मध्ये शांबेरीत एका कातडी-फरच्या व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला, नाव बन्वा लबोर्न्य. फ्रेंच फौजेतली आयरिश पलटण, मग रशियाची चाकरी, तुर्कांची कैद, असं करत तो मद्रासला पोचला. 1784 मध्ये महादजींनी त्याला ठेवून घेतलं आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या. 1790 मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया त्याच्या कवायती पायदळाने मारल्या. फौजेच्या खर्चासाठी महादजींनी त्याला गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख लावून दिला. इतर संस्थानिकांच्या फौजांचे पगार थकायचे, याच्या शिपायांना वेळेवर मिळायचे, आणि माझ्या मते त्याच्या यशाचं अर्धं कारण तेच. 1794 मध्ये महादजी वानवडीला वारले. पुण्याच्या मंडळींना शिंद्यांची छत्री मी वेगळी सांगायला नको. दोन वर्षांनी डी बॉईनने हिंदुस्थान सोडलं.

पैसा अमाप होता, कूळ नव्हतं. लंडनमध्ये 1798 साली त्याने आदेल दॉस्मों या मुलीशी लग्न केलं. ती सतरा वर्षांची, हा सत्तेचाळीसचा. तिचे वडील मार्की, म्हणजे मोठे सरदार, पण फ्रेंच राज्यक्रांतीत सगळं गमावून परदेशी आलेले. तिने त्याला तोंडावर सांगितलं की माझं तुमच्यावर प्रेम नाही, आईवडिलांची सोय होणार असेल तरच लग्नाला उभी राहते. हे तिनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. 1802 मध्ये त्याने ब्विसाँ-राँ विकत घेतलं, तिच्या तोलामोलाचं म्हणून सजवलं. ती तिथे अधूनमधून पाहुणीसारखी यायची. तिचं आयुष्य पॅरिसमध्येच गेलं.

म्हातारपणी त्याने संपत्ती गावावर ओतली. रुग्णालय, निराधारांसाठी घरं, नाट्यगृह, कमानींचा तो सुंदर रस्ता. 1816 मध्ये सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केलं. सॅव्हॉय, म्हणजे शांबेरीचा प्रांत, त्या वेळी या राजाच्याच राज्यात होतं, फ्रान्समध्ये ते कायमचं आलं 1860 मध्ये. 1830 साली जनरल वारला.

आदेलला मूल झालं नाही. मग काउंट ही पदवी कुणाकडे गेली? इथे माझा जीव अडकतो. लंडनच्या लग्नाआधी, हिंदुस्थानातच, त्याची एक बायको होती. नूर बेगम. तिच्यापासून एक मुलगी आणि एक मुलगा. तो या तिघांना घेऊन युरोपात आला, आणि मग आदेल आयुष्यात येताच नूरला वर्षासन लावून बाजूला केलं. मुलाचं नाव होतं अली बक्ष. बाप्तिस्मा होऊन तो शार्ल-अलेक्झांद्र झाला, सॅव्हॉयच्या खानदानी घरातली मुलगी केली आणि बापामागे काउंट द ब्वान्य झाला. त्याला तेरा मुलं झाली. म्हणजे या सरदार घराण्याची पुढची सगळी शाखा नूर बेगमच्या पोटची आहे.

शांबेरीत जनरलचा पुतळा आहे, रस्ता आहे, हत्ती आहेत. मी नूरचं नाव शोधत त्या उद्यानात बराच वेळ फिरले, दिसलं नाही. ती हेलेना बेनेट या नावाने इंग्लंडमध्ये ससेक्सला, होर्शम गावाजवळ राहिली. मुलगा काउंट झालेला तिने पाहिला. 1853 मध्ये ती वारली, आणि तिची कबर होर्शमलाच आहे.