खोक्यातले शब्द आणि भेंड्या

(दृश्य: टेबलावर बुटांचं रिकामं खोकं, कात्री, जाड कागदाचे तुकडे.)

वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. परीक्षेपुरती ही रीत चालून जाते. पण यादी चारचारदा वाचली की शब्द ओळखीचा वाटू लागतो आणि आपल्याला वाटतं, आला! बोलायची वेळ येते तेव्हा तो ऐनवेळी दगा देतो, कारण वाचण्याचा सराव झालेला असतो, आठवण्याचा नाही.

सेबास्टियन लाइटनर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराने १९७२ साली यावर एक साधी युक्ती लोकांपुढे ठेवली. खोक्याचे पाच कप्पे करायचे. एकेका शब्दासाठी जाड कागदाचं एक कार्ड करायचं. नवं कार्ड पहिल्यात. आठवलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात, मग ते चौथ्यापर्यंत पोचलेलं का असेना. पहिला कप्पा रोज उघडा, दुसरा ३ दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. एवढं वेळापत्रक घरी सहज जमतं.

(दृश्य: कार्डावर लिहिणारा हात, जवळून.)

कार्डावर नुसता शब्द नको. पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहा: ‘मी तिची छत्री उसनी घेतली.’ मागे अख्खं इंग्रजी वाक्य: ‘आय बॉरोड हर अंब्रेला.’ कोपऱ्यात उच्चार देवनागरीत. हा कोपरा टाळू नका. ‘व्हेजिटेबल’ वाचताना शेवटी टेबल ऐकू येतं, बोलताना मात्र तो ‘व्हेजटबल’ असतो.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकाच दिवशी खोक्यात टाकले, तर घेणं कुठलं आणि देणं कुठलं याचा महिनाभर गोंधळ. एक तिसऱ्या कप्प्यात पोचला की मगच दुसरा आणा. ‘आज सगळी फळं, उद्या सगळे रंग’ हा शाळेतला बेत याच कारणाने फसतो: सारखे शब्द एकमेकांच्या पायात येतात. फळ, क्रियापद, स्वयंपाकघरातली वस्तू अशी सरमिसळ बरी.

रोज नवी कार्डं ७-८, जास्त नकोत. पहिल्या उत्साहात २५ टाकणाऱ्याच्या पहिल्या कप्प्यात आठवड्याभरात गठ्ठा साचतो आणि खोकं माळ्यावर जातं.

(दृश्य: चटईवर बसलेली चार-पाच माणसं, मधे खोकं.)

एकट्याने खोकं चाळणं तसं कंटाळवाणंच. म्हणून संध्याकाळी भेंड्या. गाण्यांऐवजी इंग्रजी शब्द, पण शेवटच्या एका अक्षरावर खेळू नका. इंग्रजीत उच्चार न होणाऱ्या ‘ई’ने संपणारे शब्द ढीगभर, ‘एलिफंट’, ‘एग’, ‘इअर’ संपले की खेळ अडतो. शेवटची दोन अक्षरं घ्या. ‘टेबल’ला एल-ई, त्यावर ‘लेमन’. ओ-एन, ‘अनियन’. पुन्हा ओ-एन, ‘वन्स’. सी-ई, ‘सिमेंट’. आता एन-टी! यापासून सुरू होणारा नेहमीचा शब्द नाही, तेव्हा नियम असा: अडलं की फक्त शेवटचं अक्षर. टी, ‘टॉवेल’. ई-एल, ‘एल्बो’.

इथे स्पेलिंग आपोआप डोळ्यांपुढे आणावं लागतं, त्यासाठी वेगळं पाठांतर लागत नाही. ‘बॉक्स’ म्हणून समोरच्याला कोंडीत पकडल्याचा आनंद होतो खरा, पण ओ-एक्सवर ‘ऑक्सिजन’ तयार ठेवणारा सुटतो.

वेळ प्रत्येकी २० सेकंद. शब्द म्हणणाऱ्याने लगेच त्याचं वाक्यही करायचं. ‘टॉवेल’नंतर ‘धिस इज अ टॉवेल’ चालणार नाही, कारण तिथे कुठलाही शब्द बसतो. ‘द टॉवेल इज स्टिल वेट’ चालेल. वाक्य जमलं नाही तर गुण नाही, आणि त्या शब्दाचं कार्ड तिथल्या तिथे लिहून पहिल्या कप्प्यात. नवख्या खेळाडूला आपल्या खोक्यातली पाच कार्डं हातात धरून खेळू द्या. दुसऱ्या आठवड्यापासून ती काढून घ्या.