एक जूनची माणसं

(शालेय लिपिक आणि मुख्याध्यापकांच्या कार्यशाळेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कागदावर ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो त्यांनी जरा हात वर करा. बघा, किती आहेत! माझाही वरच आहे. आता ज्यांच्या आईने त्यांना खरोखर १ जूनलाच जन्म दिला, तेवढ्यांनी हात तसेच ठेवा. (हशा)

माझा जन्म पोळ्याचा. आई एवढंच सांगू शकत होती. गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला, तो लागला, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत, १ जून पडली. शाळा जूनमध्ये भरायची, सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत, मग दुसरी कुठली तारीख टाकणार? गुरुजींना मी दोष देत नाही, त्यांनी मला शाळेत बसवलं. पण त्या एका ओळीपायी मी ३१ मे रोजी निवृत्त झालो. पोळ्याला अजून तीन महिने होते. तीन पगार म्हणा हवं तर.

हे सगळं सांगायचं कारण तुमच्या विषयपत्रिकेवर आहे: ‘विद्यार्थ्यांना शाळेमार्फत वयाचं कार्ड द्यावं का?’ द्यावं की. प्लॅस्टिकचं कार्ड छापणं ही फार मोठी गोष्ट नाही. पण त्यावर छापायची तारीख येणार कुठून? तुमच्या रजिस्टरातूनच. तिथे हात कानाला लावून आलेली तारीख असेल, तर कार्डावर तीच चकचकीत होऊन येईल.

आणि शाळेच्या तारखेला कायद्यात वजन किती आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९४. समोरचं माणूस अठराच्या आत आहे का, हे ठरवायचं असेल तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र बघायचं. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि त्या तपासणीत दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात हे न्यायालयांनीच मान्य केलंय. म्हणजे डॉक्टरच्या एक्स-रेच्या आधी तुमच्या लिपिकाचं अक्षर वाचलं जातं.

आता याची दुसरी बाजू. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने बिरदमल सिंघवी खटल्यात सांगितलं की नोंद कोणाच्या माहितीवरून झाली हेच कळत नसेल, तर शाळेच्या रजिस्टरातल्या तारखेला पुराव्याचं मोल नाही. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयासमोर अपघातातल्या भरपाईचं एक प्रकरण आलं. मयताच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९६९, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७०. न्यायालयाने दाखला धरला. वय सत्तेचाळीसऐवजी पंचेचाळीस धरलं गेलं, आणि भरपाईचा गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणतात तो, तेराचा चौदा झाला. शाळा सोडून कैक वर्षं झालेल्या माणसाच्या कुटुंबाला एका जुन्या दाखल्याने हात दिला.

मग रजिस्टर भक्कम कशाने होतं? माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. नववीतल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ग्रामसेवक आणि पोलीस पोचले तर घरच्यांनी एक कार्ड पुढे केलं, वय एकोणीस. मला निरोप आला, रजिस्टर घेऊन या. मी बगलेत रजिस्टर मारून गेलो. नोंदीप्रमाणे मुलगी पंधराची. तिचा मामा हुशार, म्हणाला, “गुरुजी, ही तारीख तुम्हाला सांगितली कुणी? तुम्हीच टाकली असेल अंदाजाने.” मी पान त्याच्यासमोर धरलं. शेऱ्याच्या रकान्यात आमच्या आधीच्या लिपिकाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘ग्रा.पं. जन्मनोंद पाहिली’, खाली सही, दिनांक. मामा गप्प झाला. लग्न थांबलं.

तेवढे चार शब्द आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नसतात. दाखला बघतो, तारीख उतरवतो, कागद पालकांना परत. दहा वर्षांनी कोण सांगणार काय बघितलं होतं? जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तसं स्पष्ट सांगतं. पण अशा वेळी अंगणवाडीची नोंद, नर्सबाईंचं रजिस्टर, नाहीतर पालकांचं प्रतिज्ञापत्र, यातलं जे पाहिलं ते लिहून ठेवा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहायलाही लाजू नका.

काही जण म्हणतील, जन्म-मृत्यू नोंदणी कायदा २०२३ साली बदलला, आता जन्मदाखलाच चालणार. खरं आहे, पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी. आज तुमच्या आठवी ते दहावीच्या वर्गात बसलेलं एकही मूल त्यात नाही.

कार्डाबद्दल एकच आग्रह. काही शाळांच्या ओळखपत्रावर जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा मोबाइल, रक्तगट, सगळं गळ्यात लटकत असतं. समोरच्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की हा मुलगा अठराचा आहे की नाही. तेवढंच उत्तर देणारं कार्ड काढा. पूर्ण तारीख रजिस्टरात सुखरूप राहू द्या.

आणि कार्ड छापायला देण्याआधी आठवी ते दहावीच्या नोंदी पालकांना समोर बसवून दाखवा. आईला विचारा, वडिलांना नव्हे; तारीख आईला आठवते. मूल शाळेत आहे तोवर पुराव्यासह अर्ज आला की चूक सुधारता येते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की तीच चूक कार्यालयांच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत बसते. त्या नोंदींत १ जूनची मुलं निघाली तर आधी तीच पानं उघडा.