शाहीर साबळे: अमळनेरची शाळा, मुक्तनाट्याचा बोर्ड

शाहीर साबळे म्हटलं की लोकांना सातारा आठवतो, मुंबईचा गिरणगाव आठवतो, ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आठवतं. अमळनेर कुणाला आठवत नाही. आम्हा खानदेशवाल्यांची ही जुनी तक्रार, आणि ही फिल्म करायला निमित्तही तेच.

कृष्णराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाई तालुक्यातल्या पसरणीतला. प्राथमिक शाळा गावात झाली आणि पुढे शिकायला मुलगा अमळनेरला आला. सातवीपर्यंत शिकला, मग शाळा सुटली ती सुटलीच. कागदावर पाहिलं तर खानदेशाचा वाटा एवढाच.

(दृश्य: प्रताप मिलची जुनी छायाचित्रं. अमळनेर स्टेशन.)

पण ते अमळनेर कसं होतं? गिरणीचा भोंगा. सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापी व्हॅलीची गाडी. गावात एकीकडे तत्त्वज्ञान मंदिर, दुसरीकडे कामगारांच्या वस्त्या, आणि वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. बाजारात अहिराणी. त्यात हा पोरगा वाईकडची बोली घेऊन आलेला, म्हणजे इथे तो बाहेरगावचा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आणि याच गावात साने गुरुजी. प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी त्यांनी १९३० साली सोडली आणि सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता प्रवचनं उतरवून घेतली ती त्यांनीच. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं, खेड्यातलं पहिलंच. त्याच्या प्रचारासाठी गुरुजींनी पूर्व खानदेश पायाखाली घातला. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. साबळेंचा आणि गुरुजींचा संबंध आला तो इथे. गुरुजींकडे ना स्टेज होतं, ना पडदा. गाणं, गोष्ट आणि पुढे बसलेली माणसं, एवढ्यावर सभा उभी राहायची.

मग बेचाळीसचं आंदोलन आलं. त्यानंतर पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले आणि १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. त्याच वाऱ्यात साबळेंनी पसरणीतलं भैरवनाथाचं देऊळ दलितांसाठी उघडायला पुढाकार घेतला. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्राम, गोवा, संयुक्त महाराष्ट्र. डफ वाजतच राहिला.

आता पोवाड्यातून ते नाटकाकडे वळले कसे, ते पाहू. आमच्या मते साबळेंची खरी कामगिरी इथे आहे, गाण्यांत नाही.

गुरुजींच्या सभेत माणसं रडत. रडलेला माणूस घरी जाऊन चांगलं वागायचं ठरवतो, पण पाटलाला जाब विचारेलच असं नाही. तमाशात उलटं. गण झाला, गौळण झाली, बतावणी रंगली की वगात राजा येतो, प्रधान येतो आणि त्यांच्या मधे सोंगाड्या. राजाला जे कुणी सांगत नाही ते हा सांगतो, वर लोकांना हसवतो. खानदेशातल्या कुठल्याही जत्रेत पाहा, मुरलेला सोंगाड्या गावात उतरल्याबरोबर आधी चौकशी करतो: सरपंच कोण, सोसायटीत काय चाललंय, विहीर कुणी खाल्ली. रात्री ती नावं बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, येतात आणि ज्याची त्याला लागतात.

साबळेंनी तमाशाचा हा सांगाडा घेतला, त्यातली चावट भर काढली आणि आत चालू राजकारण भरलं. १९६० साली ‘यमराज्यात एक रात्र’ आलं. त्याला ते मुक्तनाट्य म्हणत. मग ‘आबुरावाचं लगीन’, ‘ग्यानबाची मेख’. लिहायचे ते, बसवायचे ते, आणि मधोमध उभं राहून गायचेही तेच. पत्नी भानुमती गीतं लिहून द्यायच्या. शाहिराच्या नावापुढे हे नाव फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

त्यांच्या आधी हे काम कुणी केलं नव्हतं असं मुळीच नाही. आंबेडकरी जलसे होते. १९४४ पासून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक होतं. त्यांच्यामागे एक पक्का विचार होता. साबळेंच्या मागे माणसांची नाराजी होती, आणि नाराजीला कुठलाही पक्ष उचलून नेऊ शकतो.

तेच झालं. १९६६ साली ‘आंधळं दळतंय’ आलं. म्हणीचा पुढचा तुकडा मराठी माणसाला सांगावा लागत नाही, त्यामुळे नाटकाचं नाव ऐकूनच प्रश्न पडायचा की पीठ खातंय कोण. मुंबईत मराठी माणूस मागे पडतोय, ही त्यातली व्यथा. बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातून तेव्हा कचेऱ्यांतल्या अमराठी नावांच्या याद्या छापून येत होत्या. त्याच वर्षी १९ जूनला शिवसेना स्थापन झाली. साबळेंच्या या मुक्तनाट्यानं त्या चळवळीला हवा दिली, हे सगळेच मान्य करतात.

(दृश्य: अमळनेरचा बाजार, आजचा.)

नाटक म्हणून ते धारदारच होतं आणि व्यथाही खोटी नव्हती. पण गुरुजींच्या तालमीत वाढलेल्या, स्वतः परक्या गावात शिकलेल्या शाहिरानं बोट दाखवलं ते परगावाहून पोट भरायला आलेल्या कारकुनाकडे. आम्हाला हे खटकतं. सोंगाड्याचं बोट राजाकडे असायला हवं. त्या काळात गिरणगावात राहणाऱ्या माणसाला कदाचित हे वेगळं दिसेल, आणि त्याचंही ऐकायला हवं.

त्यानंतरचं थोडक्यात. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन ते देशभर फिरले. लोककलांचा तो देखणा कार्यक्रम. त्यात टोचणारं फारसं काही नव्हतं. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९९८ मध्ये पद्मश्री. २० मार्च २०१५ ला ते गेले. २०२३ मध्ये सरकारनं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीत केलं, शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, पण कानात बसलाय तो साबळेंचाच आवाज.

गाणं जपून ठेवता येतं. मुक्तनाट्याचं तसं नाही. उद्या अमळनेरच्या एखाद्या मंडळानं ‘यमराज्यात एक रात्र’ बसवायला घेतलं, तर चाली आणि कपड्यांच्या आधी एक काम करावं लागेल: वहीत गावातली आजची नावं लिहून काढायची, आणि त्यातली कुठली बोर्डावर घ्यायची हिंमत आहे ते ठरवायचं.