तीनातलं वरचं वळण

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'नाईक यशवंत घाडगे यांचं स्मरण'. त्यांच्याकडे मी येतोच. पण आधी एका दगडाबद्दल बोलू द्या, कारण तो गेली कित्येक वर्षं माझ्या मनातून जात नाही.

माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा आहे. तुमच्यातल्या काही जणांच्या गावीही असेल. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. आमच्या शिळेवरचा शेवटचा आकडा ३.

बाजाराला जाताना आजी तिथे थांबायची. एका हाताने डोक्यावरची टोपली सावरायची आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या तीनावरून फिरवायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण तो तीन तिला पाठ होता. म्हणायची, "ह्यातला एक आमचा दादा." मी सहा-सात वर्षांचा. विचारलं, "आजी, तीनातला कुठला? वरचं वळण की खालचं?" तुम्ही हसलात, तीही हसली होती. मग म्हणाली, "वरचं. थोरला होता ना तो."

हा दादा ११० व्या मराठा पलटणीतला. आजच्या इराकमधल्या बसऱ्याला उतरला, तिथून तैग्रिस नदीच्या काठाने वर गेला आणि कुत गावात अडकला. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले, पण कितीतरी हिंदी शिपायांना ते मांस घशाखाली उतरवता येईना. दादा परत आला नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा. म्हणजे गावातही आकडा आणि परमुलखातही आकडाच! आईने बारशाला कानात नाव सांगितलेलं पोर, त्याचं असं व्हावं?

आणि आता माझी खरी तक्रार. काही वर्षांपूर्वी चावडी रंगवली. मी गेलो तर शिळेवरून फिकट पिवळा ऑइलपेंट फिरवलेला. विचारलं तर उत्तर मिळालं, "भिंत एकसारखी दिसायला पाहिजे." अहो, तीनावरचं आजीचं बोट त्या रंगाखाली गेलं! मी तिथे पायरीवर बसून राहिलो. भांडलोही. कुणी दाद दिली नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर घाडगे.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ही तिसरी म्हणजे पूर्वीची ११० वी बरं का, १९२२ मध्ये नाव बदललेली. म्हणजे आजीच्या दादाचीच पलटण. १० जुलै १९४४, इटली, तैबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. आपल्यामागे कुणी नाही हे माहीत असूनही हा माणूस एकटा धावला. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यातच ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. कबर मात्र सापडलेली नाही. इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर, कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक जणांत त्यांचं नाव आहे. नाव आहे, आकडा नव्हे! आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. तिकडचं गाव आमच्या यशवंताला विसरलं नाही हो.

मला सांगायचं होतं ते इतकंच. क्रॉस मिळाला म्हणून यशवंतरावांचं नाव आपल्या ओठी आहे. ज्यांना मिळाला नाही त्यांची नावंही हरवलेली नाहीत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात नावाऐवजी आकडा कोरण्याचा हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. त्यांच्या नोंदींमध्ये बसऱ्याच्या शिपायांची नावं शोधता येतात, आणि पुष्कळदा बापाचं नाव नि गावही मिळतं. स्पेलिंग वेडंवाकडं असतं, त्यामुळे चार तऱ्हांनी शोधावं लागतं. शाळेतली मुलं हे एका दुपारी करतील. दर १० जुलैला आपापल्या चावडीसमोर ती नावं मोठ्याने वाचा.

आमच्या गावाने परवा होकार दिला. रविवारी सकाळी मी टर्पेंटाइन, चिंध्या आणि लाकडी पट्टी घेऊन जातोय. पत्रा वापरायचा नाही, संगमरवर ओरखडतो. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर वहीत नाव लिहा.