बहिणाबाईंच्या ‘वढाय’चा अर्थ काय? एका अक्षराची गोष्ट

राम राम मंडळी, मी जळगावहून बोलतेय. आज विषय आपल्या बहिणाबाई, पण थोर कवयित्री वगैरे भाषण नको, आज फक्त एका अक्षराबद्दल बोलूया, य.

लहानपणी शाळेत मी ‘केयं’ म्हटलं की बाई मध्येच थांबवायच्या, केयं नाही, केळं म्हण, आणि सगळा वर्ग हसायचा. घरी आजी तर दिवसभर तसंच बोलायची, डोया, काया, केयं. मला वाटायला लागलं आमचं बोलणंच चुकीचं आहे. आणि मग त्याच शाळेच्या पुस्तकात हे आलं:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर

मियते! छापलेलं! घरी जाऊन आजीला वाचून दाखवलं मी ते.

तर आमच्या लेवा बोलीत ळ चा य होतो. लोक सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतात, पण अहिराणी धुळ्याकडची, ही जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडची. आता ‘मन वढाय वढाय’ घ्या. खूप जणांना वढाय म्हणजे काहीतरी गूढ वाटतं, अहो ते वढाळ आहे! दावं सुटलं की थेट उभ्या पिकात शिरणारं जनावर, हाकलून लावा, तुमची पाठ वळली की परत ज्वारीत तोंड. अशा ढोराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतात, पळायला गेलं की ते पायावर आपटतं. आता ऐका:

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर

बोटावर मोजून बघा, प्रत्येक तुकड्यात आठ अक्षरं. जात्यावरच्या ओवीची चाल आहे ही. आणि ‘वढाळ’ म्हटलं की आवाज तिथंच अडतो, ‘वढाय’ म्हटलं की लांब जातो, बांधावरून ढोराला हाक मारल्यासारखा.

बहिणाबाईंचा जन्म 1880 चा, जळगावजवळच्या आसोदा गावचा, 13 व्या वर्षी लग्न होऊन जळगावला आली, तिशीत कुंकू गेलं, पदरात तीन लेकरं, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ती गाणी म्हणायची आणि मुलगा सोपानदेव कागदावर उतरवायचे. ती गेली 3 डिसेंबर 1951 ला, आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. स्वतःचं पुस्तक तिनं पाहिलंच नाही, हे सांगताना दरवेळी माझा गळा भरून येतो. सोपानदेव स्वतः कवी होते, मनात आणलं असतं तर सगळं प्रमाण मराठीत करून टाकलं असतं, पण त्यांनी आईचा य राहू दिला, यासाठी मला त्यांचं फार मोठं कौतुक वाटतं.

म्हणून पोरांना गॅदरिंगमध्ये ही कविता म्हणायला लावाल ना, तेव्हा प्लीज ‘मिळते भाकर’ करू नका. मियतेच म्हणू द्या.