पहाटे फुगलेले डोळे आणि नऊचा मुहूर्त

श्रोतेहो, नमस्कार. तुळशीची लग्नं उरकली की पुण्यातली कार्यालयं गजबजतात. नऊच्या मुहूर्तासाठी पहाटे पाचला मेकअपला बसलं की आरशात आधी दिसतात ते फुगलेले डोळे. रात्रभर आडवं झोपल्याने चेहऱ्यात द्रव साठतो, आणि डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असल्याने तो तिथे लगेच दिसतो. आदल्या रात्री केळवणात पापड-लोणचं सढळ हाताने झालं असेल, तर सूज आणखी वाढते.

या सुजेसाठी अंडर-आय बाम, म्हणजे डोळ्यांखाली लावायचं मलम, घ्यायचा तर कॅफीन असलेला घ्या. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. परिणाम तात्पुरता, पण तेवढ्यापुरता उपयोगी. बाम रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे गारव्याचीही मदत होते. फ्रीझरमध्ये मात्र नको. आणि डोकेदुखीचा बाम चुकूनही नको, त्यातल्या मेन्थॉल-कापराने डोळे चुरचुरतात.

एका डोळ्याला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा बाम पुरतो. हात आधी धुवा. अनामिकेने, नाकाकडून कानाकडे, हाडाच्या कडेवरून हलकेच टिपत न्या. चोळू नका. पापणीच्या केसांपासून बोटभर अंतर ठेवा, नाहीतर तेल वर सरकतं आणि तासाभरात काजळ पसरतं. मग दहा मिनिटं थांबा. तोवर केस विंचरा, गजरा माळायची तयारी करा.

बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. बामात मेण आणि तेल असतं. ते वर तसंच राहिलं तर कन्सीलर, म्हणजे डाग-सावल्या झाकणारं त्वचेच्या रंगाचं क्रीम, घसरतो आणि बारीक रेषांत जाऊन बसतो. म्हणून थांबून झाल्यावर टिश्यू पेपर नुसता दाबून जादा तेल टिपून घ्या. त्यावर सिलिकॉनचा प्रायमर, म्हणजे मेकअपच्या आधी लावायचा थर, चोळला तर बारीक गोळ्या सुटू शकतात; डोळ्यांखाली प्रायमर वगळलेलाच बरा.

आता कन्सीलर. सूज म्हणजे उंचवटा, आणि त्याच्या खाली पडते ती सावली. उंचवट्यावर फिकट कन्सीलर थापला की तो अधिकच उठून दिसतो. हनुवटी थोडी खाली घेऊन आरशात बघा, सावलीची रेघ नेमकी सापडेल. तेवढ्याच रेघेत बारीक ब्रशने आपल्या रंगाशी जुळणारा कन्सीलर भरा, कडा बोटाने टिपून मिसळा, वर चिमूटभर पावडर. चमकणारी पावडर नको.

वयानुसार चरबी पुढे येऊन झालेल्या पिशव्यांवर बामाचा उपयोग नाही, त्यावर पैसे घालवू नका. सूज एकाच डोळ्याला असेल, लाली किंवा दुखणं असेल, तर मेकअप राहू द्या आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

दुपारी जेवणानंतर रेषा दिसू लागल्या तर वरून पुन्हा बाम लावू नका. स्वच्छ बोटाने रेषेतला कन्सीलर टिपून सारखा करा. पावडरही तेव्हा नकोच, थर जाड होतो.